समुद्रातून तिवरपाडा

बोईसर, १२ जून २०२५

अनुज,

आशीर्वाद. माझे वेगळे आणि तुझ्या आत्याचे वेगळे, दोन्ही घे.

फोन सोडून आतोबाने हे लांबलचक ईमेल का पाठवलं, असं तुला वाटेल. दीड खोलीच्या घरात फोनवर बोललेलं खालच्या मजल्यालाही ऐकू जातं, आणि मला जे विचारायचंय ते पुष्पाच्या कानावर पडायला नको. दुपारी ती आडवी होते तेवढ्या वेळात एका बोटाने टाइप करतोय. चुका काढत बसू नकोस. जन्मभर होडीचं सुकाणू धरलेला हात आहे हा.

तू डिप्लोमाला आमच्याकडे तीन वर्षं राहिलास, पैसे साठवून तो गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडलास आणि जहाजावर नोकरी लागल्यावर इथेच टाकून गेलास. जाताना मला ठोकळ्यांचा गेम शिकवलास, ‘आतोबा, वेळ जाईल’ म्हणालास. गेला. गेल्या पावसाळ्यापासून मी त्यात आपला तिवरपाडा बांधतोय. हसू नकोस. बावीस वर्षांपूर्वी प्रकल्पासाठी उठलेलं अख्खं गाव, एकशे चाळीस घरं. तिथे आता कुंपण आहे आणि आतमध्ये गवत. शेजारच्या घिवलीच्या बाजूने लांबून बघितलं तर आपलं काय आणि परकं काय, काही कळत नाही. म्हणून म्हटलं, ठोकळ्यांत तरी उभं करू. एक्क्याण्णव घरं झाली.

मी तांडेल माणूस. वर्षाचे आठ महिने होडी घेऊन पाण्यावर, उरलेले चार जाळी शिवण्यात आणि झोपण्यात. कुठल्या घराला किती पायऱ्या, कोणाच्या ओटीला कुठला रंग, बोंबील वाळवायची कोणाची वलांडी कोणाच्या भिंतीला खेटून, ही सगळी माहिती बायकांची. पुष्पा खुर्ची ओढून शेजारी बसते आणि सांगते, मी ठोकळे लावतो. माझं काम गवंड्याचं, मालकीण ती.

आता अडचण ऐक. तुझं ग्राफिक्स कार्ड थकलंय. घरं वाढली तसा गेम अडखळायला लागला. लांबचं दिसायचं सेटिंग कमी केलं तरच चालतो, आणि कमी केलं की शंभर पावलांपुढे सगळं धुकं. एका वेळी पाच-सहा घरं दिसतात, बस. आणि मला गाव बघायचंय ते समुद्रातून. मी माझं गाव कायम तसंच पाहिलं. देवळाचा कळस आणि बांधावरचा ताड एका रेषेत आले की समजायचं, खाडीचं तोंड समोर आहे, घर आलं. गेममध्ये होडी घेऊन आत जातो आणि वळून बघतो तर गाव गडप. एकदा तरी तिला शेजारी बसवून समुद्रातून गाव दाखवायचंय. ती कधी आमच्या होडीत बसली नाही.

स्टेशनजवळ दुकान आहे त्या दर्पणला विचारलं. तो म्हणतो, नवीन कार्ड आत्ताच घ्या, पुढे भाव वाढतील. पण दुकानदार ‘थांबा’ असं कधी म्हणतो? म्हणून तुला विचारतोय. आत्ता घेऊ की थांबू?

आत्या बरी आहे. परवा चहात मीठ घातलं. वय झालं आता.

महादू


जहाजावरून, २० जून २०२५

आतोबा, नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. माझे आतोबा त्रेसष्टाव्या वर्षी ग्राफिक्स कार्ड बदलायला निघालेत हे ऐकून आमचे चीफ इंजिनीअर म्हणाले, यांनाच जहाजावर घ्या.

थांबा. दर्पणचं ऐकू नका. हा बाजारच असा आहे की आज घेतलं की उद्या पस्तावायचं. डिसेंबर-जानेवारीत नवी कार्डं येणार आहेत असं सगळीकडे बोललं जातंय. ती आली की आत्ताची झटक्यात उतरतील. शिवाय माझं कॉन्ट्रॅक्ट नोव्हेंबरात संपतं. सिंगापूरला उतरेन तेव्हा मीच चांगलं कार्ड घेऊन येतो आणि माझ्या हाताने बसवतो. तुमच्या त्या जुन्या डब्याला नवं कार्ड झेपेल का, हेही बघावं लागेल. नाहीतर लहान होडीला मोठं इंजिन लावल्यासारखं होईल, तुम्हाला मी काय सांगू.

पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे. तोवर उरलेली घरं बांधून घ्या. गावाचे फोटो पाठवा ना, स्क्रीनचे. मी तिवरपाडा कधी पाहिलाच नाही. तुम्ही तिथून उठलात तेव्हा मी दोन वर्षांचा. मला आठवते ती आमची सातपाटीच.

आत्याला सांगा, इथला स्वयंपाकी आमटीत मीठच घालत नाही. तिने इकडे यावं, हिशेब बरोबर होईल.

अनुज


बोईसर, ९ ऑगस्ट २०२५

अनुज,

काल नारळी पुनव झाली. फोटो सोबत जोडलेत, सहा आहेत. घरं एकशे चार झाली.

मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. आता पूर्ण सांगतो. पुष्पाला पालघरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने तिला घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला लिहिले. मग माझ्याकडे बघून हसली, लहान पोरीसारखी. विसरण्याचा आजार आहे. गोळ्या दिल्यात, पण डॉक्टर म्हणाला, गोळ्यांनी वेग कमी होईल एवढंच, गेलेलं परत येणार नाही. घरी येताना रिक्षात ती मला विचारत होती, आपण कोणाला बघायला गेलो होतो? मी म्हटलं, एका ओळखीच्या बाईला. तिने विचारलं, बरी हाय का? मी म्हटलं, हाय.

हे कोणाला सांगू नकोस. तुझा बाप असता तर त्याला सांगितलं असतं, पण त्याला जाऊन सहा वर्षं झाली. गावाला बदल्यात मिळालेल्या या वसाहतीत कळलं तर बायका रोज घोळक्याने येतील आणि तोंडावर तिची परीक्षा घेतील, ‘सांग बरं मी कोण?’ म्हणून. मला ते सहन होणार नाही.

डॉक्टरच्या बोलण्यातली एक गोष्ट मी घट्ट धरून ठेवली आहे. तो म्हणाला, नवं आधी जातं, जुनं सगळ्यात शेवटी. आणि ते मी डोळ्यांनी बघतो. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नाही, पण कोणाच्या घराला किती पायऱ्या हे विचारलं की चेहरा उजळतो. भांडतेसुद्धा. मी देऊळ विहिरीच्या डावीकडे बांधलं होतं. ती म्हणाली, “उजवीकडं हाय. तुमी कवा होता गावात?” मुकाट्याने देऊळ हलवलं. आणखी आठवड्याने म्हणाली, “एवढं लांब नाय, मासळीच्या शेडच्या पाठी.” परत हलवलं. मला वेगळं आठवत होतं, पण घराच्या बाबतीत आजवर तिचं चुकलं नाही आणि माझं कधी बरोबर आलं नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी अक्कल मला आली आहे.

तर आता तुला पुन्हा विचारतो. माझं मन म्हणतं, आत्ता घ्यावं. गाव पूर्ण व्हायच्या आधीच तिच्या डोक्यातून गेलं तर मी समुद्रातून कोणाला दाखवू? तुझ्या बाजाराचं तुला कळतं. माझी घाई कशाची आहे तेही आता तुला कळलं. नीट विचार करून सांग.

महादू


जहाजावरून, १७ ऑगस्ट २०२५

आतोबा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मी तुमच्याकडे राहायला होतो तेव्हा आत्या मला रोज डबा द्यायची आणि फाटकापर्यंत येऊन ‘पाणी घेतलं का’ विचारायची. माझ्या डोळ्यांपुढे तीच आहे. मी कोणालाही सांगणार नाही.

कार्डाचं मी तरीही थांबाच म्हणेन. डॉक्टरांनीच सांगितलंय की जुनं शेवटी जातं, म्हणजे गावाला अजून वेळ आहे. आत्ता घाईने घेतलेलं कार्ड दीड वर्षात पुन्हा कमी पडेल. आणि नोव्हेंबरला मी येतोच आहे. मलाही तुमच्या दोघांच्या मागे उभं राहून ते समुद्रातून बघायचंय. माझ्याशिवाय बघू नका, एवढं माझ्यासाठी करा.

फोटो फार सुंदर आहेत. तिसरा सगळ्यात जास्त आवडला, हिरव्या कठड्याचं घर, दारात पुरलेलं दगडी जातं आहे ते. मी तो माझ्या केबिनमध्ये लावलाय. आत्याला अजून असंच सांगू द्या. ती जे सांगेल ते सगळं बांधा.

अनुज


बोईसर, २ नोव्हेंबर २०२५

अनुज,

दिवाळीच्या आधी ती हरवली होती. मी पिठाच्या गिरणीतून येईपर्यंत दार उघडं आणि घर रिकामं. सव्वातीन तास शोधलं. शेवटी एस.टी. स्टँडवर पालघरच्या गाडीत खिडकीशी बसलेली सापडली, नवी साडी नेसून, हातात रिकामी पिशवी. कंडक्टर भला होता, त्याने गाडी थांबवून ठेवली होती. त्याला म्हणाली होती, सातपाटीला दादाकडे जायचंय, तिकिटाचे पैसे दादा देईल. तुझा बाप. मी वर चढलो आणि म्हटलं, चल घरी. ती निमूटपणे उतरली. पण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी ओळखली नाही.

आता दाराला वरून कडी घातली आहे. माझ्या बायकोला मी कोंडून ठेवतोय, दुसरं काय म्हणायचं याला?

घरं एकशे सव्वीस झाली. तासाला एखादं वाक्य बोलते. मध्ये चार दिवस काहीच बोलली नाही. मग अचानक म्हणाली, “हितं लांब शेड हाय ना, तिच्या बाजूला आमची वलांडी.” मी लगेच लावली.

दर्पणकडे गेलो होतो. मी जूनमध्ये बघितलेलं कार्ड अजून त्याच्याकडे आहे, एकच. किंमत थोडी वाढली आहे. मी हातात घेतलं, परत ठेवलं, कारण तू थांबायला सांगितलंस आणि तुझ्याशिवाय बघायचं नाही असं कबूल केलंय.

नोव्हेंबर लागला. तारीख कळव.

महादू


जहाजावरून, १४ नोव्हेंबर २०२५

आतोबा,

माझ्या जागी येणारा माणूस आला नाही. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीपर्यंत लांबवलंय. माझा इलाज नाही.

कार्डांच्या मेमरीची जगभर टंचाई सुरू झाली आहे म्हणे, म्हणून भाव चढलेत. हे तात्पुरतं असणार. चढत्या भावात घेणं म्हणजे मूर्खपणा, नव्या वर्षात उतरतील. एवढे थांबलात तर आणखी दोन महिने थांबा.

आत्याची काळजी घ्या. कडीबद्दल स्वतःला बोल लावू नका. आणखी फोटो असले तर पाठवा.

अनुज


बोईसर, ११ जानेवारी २०२६

अनुज,

कार्ड मी घेतलं. तुला न विचारता. जूनमध्ये ज्या पैशांत दोन आली असती त्यांत एक आलं, तेही दर्पणने वापीहून कोणाकडून तरी मागवलं. बिचारा ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाला नाही. घरी येऊन बसवून दिलं, लांबचं दिसायचं सेटिंग शेवटपर्यंत नेलं, चहा पिऊन गेला. धुकं गेलं. तुझ्यासाठी थांबायचं कबूल केलं होतं, पण माझ्याने राहवलं नाही. त्याची माफी मागणार होतो. आता मागत नाही.

दुपारचे तीन वाजले होते. पुष्पाला खुर्चीत बसवलं, पायावर चादर घातली. म्हटलं, चल, आज तुला होडीतून नेतो. ती हसली. होडी काढली आणि पाठ न वळवता आत आत गेलो, जितकं आत गेल्यावर माझ्या आयुष्यात गाव नीट दिसायचं तितकं. मग होडी वळवली.

अनुज, गाव लख्ख दिसत होतं. एकशे एकतीस घरं, वलांड्या, शेड, देऊळ, ताड, सगळं एका नजरेत. आणि पहिल्या क्षणालाच मला कळलं की हा तिवरपाडा नाही.

तुम्हा शिकलेल्यांना हे सांगून पटेल की नाही कोण जाणे, पण तांडेलाला गाव घरांवरून कळत नाही. खुणांवरून कळतं. कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या मागे जाते, कुठे दोन्ही एका रेषेत येतात, त्यावर आम्ही अंधारात आणि पावसात होड्या घरी आणल्या. डहाणूपासून अर्नाळ्यापर्यंत प्रत्येक बंदराच्या खुणा माझ्या अंगात आहेत, झोपेतून उठवून विचार. आमच्या गावी कळस ताडावर यायचा. इथे ताड कुठेतरी एकटाच बाजूला पडलाय आणि कळस शेडच्या छपरावर येऊन बसलाय. ही सातपाटीची जुनी खूण आहे. नवं बांधकाम व्हायच्या आधीची. मी तिच्यावर पन्नास वेळा होडी आत घेतली आहे, तुझ्या आत्याला बघायला आलो तेव्हाही.

तिने स्क्रीनकडे बघितलं आणि टाळी वाजवली. म्हणाली, “आली सातपाटी.”

म्हणजे ती मला माहेर सांगत होती. कधीपासून, कोणत्या घरापासून, ते मला कळत नाही. काही घरं आमची आहेत, काही तिच्या माहेरची, एकाच्या भिंतीला दुसऱ्याची वलांडी. जवळून एकेक बघताना सगळी खरी वाटली. पाच-सहा घरांपलीकडे दिसतच नव्हतं, तर कळणार कसं? पहिल्या पावसाळ्यात हे कार्ड असतं तर विसाव्या घरालाच पकडलं असतं. तेव्हा तिला विचारता आलं असतं. ती म्हणाली असती, ‘अगो बाय, चुकलं माझं,’ आणि खरं ते सांगितलं असतं. आता विचारलं की ती भिंतीकडे बघते.

मग मी तुला ऑगस्टमध्ये पाठवलेले फोटो काढून बसलो. तिसरा. हिरवा कठडा, दारात पुरलेलं जातं. ते तुझ्या आजाचं घर आहे. नऊ वर्षांपूर्वी पाडलं तेव्हा तू तिथे उभा होतास. मी त्या घरात जावई म्हणून मोजून दहा वेळा गेलो असेन, मान खाली घालून. मला नाही ओळखता आलं. पण तू तिथे वाढलास. तुला ओळखता आलं नाही?

एका शब्दात उत्तर दे.

महादू


जहाजावरून, १५ जानेवारी २०२६

आतोबा,

आलं.

फोटो उघडला त्या क्षणी आलं. जात्याच्या कडेला एक टवका उडालेला होता, आत्याने तुम्हाला तो टवकासुद्धा लावायला लावलाय. मी केबिनमध्ये बसून रडलो. ते घर पाडल्यानंतर त्याचा एकही धड फोटो आमच्याकडे राहिला नव्हता. मला वाटलं, आत्याला माहेराची आठवण आली, म्हणून एखादं घर तिने हौसेने बांधून घेतलं असेल. असं मी मनाला सांगितलं. पाचव्या फोटोत आमच्या शेजारच्यांची विहीर होती, तीही ओळखली. तेव्हा तरी तुम्हाला लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, कारण सांगितलं तर तुम्ही ते घर पाडाल अशी मला भीती वाटली. मला ते घर हवं होतं, आतोबा. तिचं विसरणं माझ्या फायद्याचं होतं. ‘ती जे सांगेल ते सगळं बांधा’ असं मी लिहिलं ते यासाठी.

आणि दुसरंही सांगतो, म्हणजे मागे काही उरणार नाही. माझ्या जागी माणूस वेळेवर आला होता. मीच मुदत वाढवून घेतली. आत्या मला ओळखणार नाही, या भीतीने माझे पाय घराकडे वळेनात. जानेवारीत कार्डं स्वस्त होतील हे जूनमध्ये मला खरंच वाटत होतं. नोव्हेंबरात वाटत नव्हतं. तेव्हा भाव चढतच जाणार हे सगळे लिहीत होते. तरी तुम्हाला थांबा म्हटलं, कारण तुम्ही थांबलात की मलाही थांबता येत होतं.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, तो मी असा वापरला. ‘तोंड दाखवू नकोस’ असं म्हणालात तरी चालेल. पण मी येतोय. आता खरंच येतोय, बावीस फेब्रुवारीला उतरेन. दोघं मिळून सातपाटीची घरं वेगळी काढू. मला जी ओळखू येतील ती मी सांगतो, राहतील ती तिवरपाड्याची.

अनुज


बोईसर, १६ फेब्रुवारी २०२६

अनुज,

महिना झाला, उत्तर लिहिलं नाही. राग होता. आता राग करण्याएवढाही जोर उरला नाही. तू येतो आहेस तर काय बघायला मिळेल ते आधी सांगून ठेवतो, दारात उभा राहून चेहरा पाडू नकोस.

तू म्हणतोस तशी घरं वेगळी काढायचा प्रयत्न मी करून बघितला. वसाहतीतल्या जिवल्याला आणि खंडेरावला बोलावलं. वसाहतीतल्या बायका गाव उठल्यावर सून होऊन आलेल्या, गावातली जुनी अशी आता दोघंच माणसं इथे उरलीत. त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. जिवल्या म्हणाला, हे घर आपलंच. खंडेराव म्हणाला, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. दोघांची जुंपली. कोणाच्या बापाने कोणाच्या अंगणात किती पुढे पत्रा घातला होता, इथपर्यंत गोष्ट गेली आणि खंडेराव चहा न पिता उठून गेला. दोघांचंही अर्धं खरं असेल. कुठलं अर्धं ते मी कोणाला विचारू?

मग म्हटलं, मरो ते, माझं मला जे आठवतं तेवढंच ठेवू. डोळे मिटून बसलो. आणि अनुज, मला काहीच आठवेना. देऊळ मी आधी डावीकडे बांधलं होतं, बरोबर? ते डावीकडचं देऊळ डोळ्यांपुढे आणायला गेलो की तिने सांगितलेलं उजवीकडचंच येतं. दीड वर्ष रोज तिचं ऐकून ठोकळे लावताना माझ्या डोक्यातलं जुनं मी माझ्याच हाताने काढून टाकलं. तिला आजाराने विसरायला लावलं. मी तर चांगला धडधाकट होतो. आता तिवरपाडा जमिनीवर नाही, मशीनमध्ये नाही, तिच्यात नाही आणि माझ्यातही नाही. तुझ्या आजाकडची घरं वेगळी काढलीस तरी जे उरेल ते तिवरपाडा आहे हे सांगायला कोण आहे? त्यामुळे ते काही करायचं नाही. तुझं घर तिथे आहे तसं राहू दे. मी ते पाडणार नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे, तिला तिथे बरं वाटतं म्हणून.

रोज दुपारी ती मला होडी काढायला लावते. किनाऱ्याला लागलो की बोटाने वाट दाखवते, उजवीकडे, सरळ, आता शेडच्या मागून, आणि तुझ्या आजाच्या ओटीवर आलो की थांबायला सांगते. तिथे ती तासभर बघत बसते. एकदा मी मुद्दाम तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे आमचं घर आहे. ते मी सगळ्यात आधी बांधलं होतं, तिला काही न विचारता, म्हणून तेवढं एक नक्की खरं आहे. दार उघडलं. ती मागे सरकली. म्हणाली, परक्याच्या घरात असं न विचारता शिरू नये. बावीस वर्षं त्या घरात तिने चूल पेटवली.

तू आलास की तुला ती दादा म्हणेल. तू बापावर गेला आहेस. ओ दे. मी अनुज, मी अनुज असं करत बसू नकोस, ती घाबरते. तिने तिकिटाचे पैसे मागितले तर दे आणि माहेरची काय विचारपूस करेल ती करू दे. खोटं बोलायची तुला सवय आहे, असं टोचून लिहिणार होतो, पण मीही आता दिवसभर तेच करतो.

मला ती ‘अहो’ म्हणायची ते थांबलं. नाव तर ती कधी घेतच नव्हती, त्यामुळे तिला माझं नाव आठवतं की नाही, तेही समजायला मार्ग नाही. काल संध्याकाळी तिने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. पदर नीट केला आणि विचारलं, “पावनं, कुटं जायाचं?”

मी म्हटलं, तिवरपाड्याला.

तिने खूप वेळ विचार केला. खरोखर केला, मी बघत होतो. मग मान हलवली. “नाय,” म्हणाली. “त्या नावाचं गाव या बाजूला नाय.”

माझा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. तांब्या माझ्या हाताजवळ सरकवला आणि म्हणाली, “बसा जरा. दादा येल, तो सांगल तुमाला.”

महादू